ध्रुवीय सागरांतील पातळीचे वर्षागणिक चढउतार : कारणमीमांसेची चिकित्सा

बीजसंज्ञा : आर्क्टिक महासागर, दक्षिण महासागर, समुद्रपातळी, क्षारता, वारे, उपग्रहीय उंचीमापन

प्रस्तावना :

ध्रुवांकडील बर्फ वितळतो आणि म्हणून समुद्राची पातळी वाढते, हे विधान आज सर्वपरिचित आहे. दीर्घ कालखंडाचा आणि संपूर्ण पृथ्वीचा विचार करता ते चुकीचे नाही. १९९३ पासूनच्या उपग्रहनोंदींनुसार जागतिक सरासरी समुद्रपातळी दरवर्षी सुमारे ३.३ मिलिमीटर या गतीने वाढत आली असून, तिच्यात ग्रीनलंड व अंटार्क्टिका येथील हिमस्तरांच्या ऱ्हासाचा वाटा वाढत आहे. मात्र हेच विधान खुद्द ध्रुवीय सागरांना लावले की ते अपुरे पडते. आर्क्टिक महासागराच्या एका भागात आठ-दहा वर्षांत पाणी पंधरा सेंटिमीटरने फुगते आणि त्यानंतरच्या वर्षांत ही वाढ थांबते. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरील पातळी एखाद्या वर्षी केवळ वारे जोरकस झाले म्हणून खाली जाते. ग्रीनलंडवरील हिम ज्या वर्षी सर्वाधिक घटते, त्याच वर्षी ग्रीनलंडच्या किनाऱ्यालगतचा समुद्र वर चढण्याऐवजी खाली जाऊ पाहतो.

ध्रुवीय सागरांची पातळी एका वर्षाहून दुसऱ्या वर्षी का बदलते आणि या बदलांचा जो अर्थ लावला जातो तो उपलब्ध पुराव्याला कितपत धरून आहे, याचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या सागरांतील वर्षागणिक चढउतार मुख्यतः वारा, क्षारता आणि पाण्याच्या वस्तुमानाचे स्थलांतर यांमुळे होतात. तापमानाचा त्यांतील थेट वाटा गौण आहे. म्हणून जागतिक सरासरीच्या परिभाषेत या चढउतारांचे वाचन करणे, किंवा दहा-बारा वर्षांच्या नोंदीवरून हवामानबदलाचा कल सांगणे, ही पद्धतीची चूक ठरते. ही चूक समुद्र वाढतो आहे असे मानणारेही करतात आणि तो वाढत नाही असे म्हणणारेही करतात, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

सागरी बर्फ आणि भूमीवरील हिम :

या विषयातील पहिला गोंधळ 'बर्फ' या एकाच शब्दाने होतो. समुद्राचे पाणी गोठून तयार झालेला सागरी बर्फ आणि भूमीवर हजारो वर्षांत साचलेले हिमस्तर या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये आर्क्टिकमधील सागरी बर्फाचा विस्तार उपग्रहनोंदींच्या काळातील नीचांकावर गेला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अंटार्क्टिकाभोवतीच्या सागरी बर्फाचा हिवाळी कमाल विस्तारही त्या काळातील सर्वांत कमी ठरला. या दोन्ही घटना गंभीर आहेत, परंतु त्यांच्यामुळे समुद्राची पातळी वाढली असे म्हणता येत नाही. तरंगता बर्फ आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारत असतो. तो वितळल्यावर, गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या घनतेतील किंचित फरकामुळे होणारी अत्यल्प वाढ सोडली तर, पातळी बदलत नाही.

याचा अर्थ सागरी बर्फाचा पातळीशी संबंधच नाही असा मात्र नव्हे. बर्फाचे आच्छादन वारा आणि पाणी यांच्यामध्ये असते. ते विरळ वा फुटके झाले की वाऱ्याची ओढ पाण्याला वेगळ्या प्रमाणात लागते. बर्फ गोठताना मीठ पाण्यात सोडले जाते आणि वितळताना गोडे पाणी मिसळते. सागरी बर्फ पातळीवर परिणाम करतो तो असा अप्रत्यक्षपणे.

मापनाची साधने आणि त्यांच्या मर्यादा :

कारणांकडे वळण्यापूर्वी पुरावा कसा गोळा झाला हे पाहणे अगत्याचे आहे. मुंबईच्या अपोलो बंदर येथील भरतीमापकाची नोंद १८७८ पासूनची आहे. ध्रुवीय प्रदेशात इतकी दीर्घ नोंद दुर्मीळ आहे. रशियाच्या आर्क्टिक किनाऱ्यावर सोव्हिएत काळात भरतीमापकांचे मोठे जाळे उभे राहिले, पण १९९० नंतर त्यांतील अनेक केंद्रे बंद पडली. अंटार्क्टिकात फॅरेडे या ब्रिटिश केंद्रातील नोंद १९५८ पासूनची असून, ते केंद्र १९९६ मध्ये युक्रेनकडे हस्तांतरित झाल्यावर व्हर्नाड्स्की या नावाने ती पुढे चालू राहिली. ही सर्व केंद्रे किनाऱ्यावरची आहेत. खोल समुद्राविषयी ती थेट काही सांगत नाहीत.

१९९२ मध्ये सोडलेल्या टोपेक्स-पोसायडन उपग्रहाने समुद्रपातळीच्या अभ्यासाचे स्वरूप पालटले. जागतिक सरासरीची सर्वमान्य मालिका या उपग्रहावर आणि त्यानंतरच्या जेसन व सेंटिनेल-६ या उपग्रहांवर आधारलेली आहे. या सर्वांची कक्षा ६६ अंश उत्तर ते ६६ अंश दक्षिण या पट्ट्यापुरती मर्यादित आहे. म्हणजे ज्या आकड्याला आपण 'जागतिक' म्हणतो, त्यातून आर्क्टिक महासागर जवळजवळ पूर्णपणे वगळलेला आहे. १९९१ पासूनचे युरोपीय ईआरएस आणि नंतरचा एन्व्हिसॅट हे उपग्रह ८१.५ अंशांपर्यंत, तर २०१० मध्ये सोडलेला क्रायोसॅट-२ हा ८८ अंशांपर्यंत पोहोचला. तथापि बर्फाने झाकलेल्या भागात रडारला पाणी दिसते ते केवळ बर्फातील भेगांमधून. या भेगांतून आरशाप्रमाणे परतणारे संकेत वेगळे काढून पाण्याची उंची ठरविण्याची पद्धत पीकॉक व लॅक्सन यांनी २००४ मध्ये आर्क्टिकसाठी मांडली आणि त्यानंतरच हा महासागर खऱ्या अर्थाने मोजता येऊ लागला.

या मोजमापाला २००२ मध्ये ग्रेस या उपग्रहजोडीची जोड मिळाली. गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म बदलांवरून कोणत्या भागात पाण्याचे वस्तुमान किती वाढले वा घटले हे ती सांगते. पृष्ठभागाच्या एकूण उंचीतील बदलातून वस्तुमानामुळे झालेला बदल वजा केला, की घनतेमुळे झालेला बदल उरतो. पद्धत तर्कशुद्ध आहे. पण एन्व्हिसॅट २०१२ मध्ये बंद पडला आणि ग्रेस २०१७ मध्ये थांबून तिची उत्तराधिकारी जोडी २०१८ च्या मे महिन्यात आकाशात गेली. खुल्या पाण्यावरील मापन आणि भेगांतील मापन यांतही पद्धतशीर अंतर असते. सांधे जुळवून तयार केलेल्या अशा मालिकेत काही मिलिमीटरांच्या फरकावर निष्कर्ष उभारताना संयम आवश्यक ठरतो.

तापमान की क्षारता? :

पाणी तापले की प्रसरण पावते, हे समुद्रपातळीच्या वाढीचे एक प्रमुख कारण म्हणून शिकविले जाते. उष्ण कटिबंधात ते योग्यच आहे. अरबी समुद्राच्या २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या शंभर मीटर जाडीच्या थराचे तापमान एक अंशाने वाढले, तर पृष्ठभाग सुमारे तीन सेंटिमीटरने उंचावतो. मात्र समुद्राचे पाणी जितके थंड, तितकी त्याची प्रसरणक्षमता कमी. गोठणबिंदूजवळच्या आर्क्टिक पाण्याचा तेवढाच थर एक अंशाने तापला, तर वाढ साधारण तीन मिलिमीटर, म्हणजे सुमारे एक दशांश होते. याउलट त्या थराची क्षारता दर हजारी एकाने घटली, तर पृष्ठभाग सुमारे आठ सेंटिमीटरने वर येतो. ध्रुवीय सागरात घनतेचे नियंत्रण क्षारतेच्या हाती आहे, हे या साध्या तुलनेवरून स्पष्ट व्हावे.

आर्क्टिकमध्ये हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. जगातील महासागरांच्या एकूण घनफळापैकी केवळ एक टक्क्याच्या आसपास पाणी असलेल्या या महासागरात जगातील नद्यांच्या एकूण प्रवाहापैकी दहा टक्क्यांहून अधिक पाणी येऊन मिळते. ओब, येनिसेई, लेना यांसारख्या नद्यांचे हे गोडे पाणी कोठे साठते आणि कोणत्या वाटेने बाहेर पडते, यावर त्या त्या भागातील समुद्राची उंची ठरते. ही वाट ठरविण्याचे काम मुख्यतः वारा करतो.

वाऱ्याची दोन रूपे :

प्रोशुटिन्स्की आणि जॉन्सन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आर्क्टिकमधील वाऱ्याने चालणाऱ्या अभिसरणाच्या दोन अवस्था दाखवून दिल्या. एका अवस्थेत वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाहतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात पृष्ठभागीचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे ढकलले जाते आणि ते मध्यभागी जमा होऊन तेथे फुगवटा निर्माण होतो. दुसऱ्या अवस्थेत वारे उलट दिशेने वाहतात, पाणी किनाऱ्याकडे सरते आणि मध्यभाग खाली बसतो. १९४६ ते १९९३ या काळाच्या संगणकीय प्रतिमानावरून या अवस्था साधारणतः पाच ते सात वर्षांनी पालटतात असे त्यांनी मांडले.

या मांडणीचा अर्थ असा की महासागरातील पाणी एका थेंबानेही न वाढता किनाऱ्यावरील भरतीमापक काही वर्षे सतत वाढ दाखवू शकतो. शिवाय वायुदाब एक मिलिबारने कमी झाला तरी समुद्र सुमारे एक सेंटिमीटरने उचलला जातो. रशियन किनाऱ्यावरील केंद्रांच्या १९५४ ते १९८९ या काळातील नोंदींचे विश्लेषण प्रोशुटिन्स्की व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सादर केले. त्यात भूपृष्ठाच्या हालचालींची दुरुस्ती केल्यानंतर वार्षिक वाढ सुमारे १.८५ मिलिमीटर आढळली आणि तिचा लक्षणीय हिस्सा वायुदाबातील घटीला द्यावा लागला. या अभ्यासाचे मोल त्यातील आकड्यापेक्षा, एका आकड्याची अनेक कारणांत वाटणी करण्याच्या त्याच्या रीतीत अधिक आहे.

१९९७ नंतर मात्र पाच-सात वर्षांचे हे वेळापत्रक पाळले गेले नाही. घड्याळाच्या दिशेची अवस्था अपेक्षेहून खूपच लांबली. निरीक्षणातून हाती लागलेली लय ही निसर्गनियमाइतकी पक्की नसते, याचे हे उदाहरण होय.

एका फुगवट्याची दोन स्पष्टीकरणे :

अलास्का व कॅनडाच्या उत्तरेस असलेला ब्यूफोर्ट चक्रप्रवाह हा या लांबलेल्या अवस्थेचा परिणाम दाखविणारा सर्वांत ठळक भाग आहे. कॅथरीन जाइल्स व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १९९५ ते २०१० या काळातील उपग्रहनोंदींवरून येथील पृष्ठभाग २००२ पासून सुमारे १५ सेंटिमीटरने फुगल्याचे दाखविले. पश्चिम आर्क्टिकमध्ये साठलेल्या गोड्या पाण्यातील वाढ त्यांच्या हिशेबाने सुमारे ८००० घन किलोमीटर होती. वाऱ्यामुळे चक्रप्रवाहाला मिळालेली गती हे त्यांनी दिलेले कारण.

त्याच वर्षी जेम्स मॉरिसन व सहकाऱ्यांनी वेगळे स्पष्टीकरण पुढे केले. २००५ ते २००८ या काळात कॅनडाकडील खोऱ्यात जमलेले गोडे पाणी मुख्यतः रशियन नद्यांचे असून, युरेशियाकडील भागात वाऱ्यांची व प्रवाहांची रचना बदलल्याने ते पूर्वेकडे वळले, असे त्यांचे प्रतिपादन होते. कॅनडाकडे क्षारता घटली त्या प्रमाणात युरेशियाकडे ती वाढली, म्हणजे एकूण साठ्यापेक्षा त्याची वाटणी बदलली, हा त्यातील कळीचा मुद्दा.

या दोन प्रतिपादनांपैकी एकच खरे असा आग्रह धरण्याचे कारण नाही. पहिले पाणी एकत्र का राहिले हे सांगते, तर दुसरे ते आले कोठून याचा शोध घेते. मात्र दोन्ही अभ्यासांची कालमर्यादा भिन्न आहे. पंधरा वर्षांच्या नोंदीत दिसणारी साठ्याची वाढ आणि चार वर्षांच्या नोंदीत दिसणारी वाटणी यांची सरळ तुलना करणे योग्य होणार नाही. 'वारा' हा शब्दही दोन्हीकडे वेगवेगळ्या प्रदेशातील वाऱ्यासाठी आला आहे. दुय्यम लेखनात हे भेद पुसले गेले, की उरते ते 'आर्क्टिकमध्ये गोडे पाणी वाढले' एवढेच विधान, आणि ते आपोआप हिम वितळण्याशी जोडले जाते.

पुढे काय घडले ते अधिक बोधप्रद आहे. २००२ ते २०१० मधील वाढीची गती तशीच पुढे नेली असती, तर २०२० पर्यंत फुगवट्यात आणखी वीसेक सेंटिमीटरची भर पडावयास हवी होती. प्रत्यक्षात २०११ ते २०१९ या काळात ही वाढ जवळपास थांबून चक्रप्रवाह नव्या स्थिर अवस्थेत आल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. वाढ थांबली म्हणून तापमानवाढ थांबली असे नव्हे. ती वाढ हा मुळात तापमानवाढीचा थेट मापदंडच नव्हता.

पातळीतील या फरकांचे परिणाम आर्क्टिकबाहेरही पोहोचतात. पॅसिफिकची पातळी आर्क्टिकपेक्षा सुमारे अर्ध्या मीटरने अधिक असल्याने बेरिंग सामुद्रधुनीतून पाणी उत्तरेकडे वाहते. पूर्व सैबेरियन समुद्राची पातळी वाऱ्यामुळे खाली गेली की हा प्रवाह वाढतो, असे २००२ ते २०१६ मधील ग्रेसच्या नोंदी आणि सामुद्रधुनीतील मापकांच्या तुलनेतून दिसून आले. त्या प्रवाहाबरोबर उष्णता आणि पोषकद्रव्येही आर्क्टिकमध्ये शिरतात.

दक्षिण महासागर :

दक्षिणेकडील चित्र वेगळे आहे. तेथे मध्यभागी भूमी असून भोवती अखंड महासागर आहे आणि त्यावरून पश्चिमी वारे वाहतात. अंटार्क्टिका आणि मध्य अक्षांश यांच्यावरील वायुदाबातील फरक वर्षागणिक कमीअधिक होतो. या दोलनाच्या धन अवस्थेत पश्चिमी वारे प्रबळ होऊन दक्षिणेकडे सरकतात. दक्षिण गोलार्धात पाणी वाऱ्याच्या डावीकडे, म्हणजे येथे उत्तरेकडे, ढकलले जात असल्याने अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत पातळी खालावते. फॅरेडे येथील भरतीमापक आणि ड्रेक पॅसेजमधील सागरतळाचे दाबमापक यांच्या आधारे मेरेडिथ व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हा संबंध वर्षागणिक बदलांतही टिकतो असे दाखविले. आर्मिटेज व सहकाऱ्यांच्या २०१८ मधील अभ्यासात २०११ ते २०१६ या काळातील बर्फाखालील भागही समाविष्ट झाला आणि या दोलनाबरोबर एल निनोचा ठसाही आढळला.

या पार्श्वभूमीवर राय व सहकाऱ्यांचे २०१४ मधील प्रतिपादन तपासावे लागते. १९९२ ते २०११ या काळात अंटार्क्टिकाच्या समुद्रबूड जमिनीवरील पातळी, ५० अंश दक्षिणेच्या पलीकडील सागराच्या सरासरीपेक्षा दरवर्षी किमान दोन मिलिमीटर अधिक गतीने वाढली आणि याचे कारण हिमनद्यांतून आलेले वाढीव गोडे पाणी होय, असे त्यांनी म्हटले. ओझोनच्या ऱ्हासामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उन्हाळी पश्चिमी वारे बळावले होते. ते किनाऱ्यालगतची पातळी खाली नेणारे होते. तरीही वाढ दिसते, ही या प्रतिपादनाची जमेची बाजू आहे. मात्र बर्फाच्छादनामुळे वर्षातील बराच काळ किनाऱ्यालगत नेहमीच्या पद्धतीची उपग्रहनोंद मिळत नाही, हेही तितकेच खरे. वर्षागणिक कारण आणि दशकांचे कारण परस्परविरुद्ध दिशेने काम करू शकतात, ही यातून मिळणारी महत्त्वाची शिकवण.

गुरुत्वाकर्षण आणि उचलली जाणारी भूमी :

हिमस्तर प्रचंड वस्तुमानाचे असल्याने भोवतीचे पाणी स्वतःकडे खेचून धरतात. ते घटले की ही ओढ सैल होते, शिवाय भार हलका झालेली भूमी वर येते. परिणामतः हिमस्तरापासून साधारण दोन हजार किलोमीटरच्या परिसरात समुद्र खाली जातो आणि दूरच्या समुद्रात सरासरीपेक्षा अधिक चढतो. फॅरेल व क्लार्क यांनी १९७६ मध्ये या विचाराला गणिती बैठक दिली. २०१९ मध्ये ग्रीनलंडने सुमारे ५३० गिगाटन हिम गमावले. ३६० गिगाटनांमागे जागतिक सरासरी एक मिलिमीटरने वाढते, या हिशेबाने ती वाढ दीड मिलिमीटरच्या जवळ जाते. त्यापूर्वीच्या २०१७ व २०१८ या वर्षांत मात्र ही घट बरीच कमी होती. म्हणजे या कारणालाही वर्षागणिक चढउतार आहेत, आणि त्याचा स्थानिक परिणाम सर्वसामान्य समजुतीच्या उलट आहे.

स्वालबार्डमधील नी-ओलेसुंड येथे गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे 'हिमाद्री' हे केंद्र २००८ पासून कार्यरत आहे. तेथील भूमी दरवर्षी सुमारे आठ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक वर येत असल्याने भरतीमापकावर समुद्र खाली जाताना दिसतो. लगतच्या कोंग्सफियॉर्डनमध्ये २०१४ मध्ये भारताने पाण्याखाली बसविलेल्या 'इंडआर्क' या यंत्रणेने तापमानाबरोबर क्षारताही मोजली. वर केलेल्या विवेचनाच्या प्रकाशात ही निवड अर्थपूर्ण वाटते. किनाऱ्यावरील एका आकड्याचा अर्थ पाण्याच्या अंतरंगातील नोंदींशिवाय लागत नाही.

निष्कर्ष :

१. ध्रुवीय सागरांतील वर्षागणिक बदलांत वारा, क्षारता, वायुदाब आणि वस्तुमानाचे स्थलांतर ही कारणे प्रधान आहेत. थंड पाण्याच्या अल्प प्रसरणक्षमतेमुळे तापमानाचा थेट वाटा तेथे मर्यादित राहतो.

२. जागतिक सरासरीचा प्रचलित आकडा ६६ अंशांच्या पलीकडील सागर वगळून काढलेला आहे. त्यामुळे तो ध्रुवीय सागरांचे वर्णन करीत नाही, आणि ध्रुवीय सागरातील एखाद्या वर्षाची घट त्या आकड्याला खोटेही पाडत नाही.

३. अभिसरणाच्या अवस्था पाच-दहा वर्षे वा त्याहून अधिक टिकत असल्याने एका दशकाच्या नोंदीतून काढलेला कल हा पुष्कळदा एका अवस्थेचे वर्णन असतो. ब्यूफोर्ट चक्रप्रवाहाचा अनुभव याची साक्ष देतो.

४. हिमस्तर आणि सागरी बर्फ, सापेक्ष पातळी आणि प्रत्यक्ष पातळी, साठा आणि वाटणी हे भेद अध्यापनात व लेखनात काटेकोरपणे पाळले जाणे आवश्यक आहे.

हा काटेकोरपणा केवळ पांडित्याचा विषय नाही. हिमस्तरांच्या ऱ्हासाची किंमत गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने ध्रुवांपासून दूरच्या किनाऱ्यांना सरासरीपेक्षा अधिक मोजावी लागते, आणि पश्चिम भारताचा किनारा या दूरच्या किनाऱ्यांपैकीच आहे. ध्रुवीय सागरातील एखाद्या वर्षाच्या चढावर भीती उभारली, तर पुढच्या वर्षाच्या उतारावर निष्काळजीपणाही उभारता येतो. किनाऱ्यांविषयीचे निर्णय या दोहोंवर अवलंबून राहू नयेत, यासाठी कोणत्या आकड्यामागे कोणते कारण आहे हे प्रथम वेगळे करणे अपरिहार्य ठरते.